स्टोअरसाहेबांचा अखंड ड्रॉवर

कारखान्याने एकतीस वर्षांनी स्टोअरसाहेबांना मोकळं केलं आणि त्याच दिवसापासून त्यांच्या घरातली माणसं अडकली.

साहेब कारखान्यात स्टोअरकीपर होते. नट, बोल्ट, पट्टे, वंगणाचे डबे, झाडू, हातमोजे, जे काही कारखान्यात येई ते आधी साहेबांच्या जाळीच्या दारातून आत जाई, आणि दोन सह्यांचं मागणीपत्र दाखवल्याशिवाय पुन्हा उजेड पाहत नसे. एकदा म्हणे एका शेडमध्ये छोटीशी आग लागली. वाळूच्या बादल्या मागायला धावत आलेल्या माणसाला साहेबांनी विचारलं, दुसरी सही कुठाय? ही गोष्ट त्यांच्यावर जळणारे लोक सांगत. साहेब स्वतःही सांगत, फक्त जरा मान ताठ करून. ती आग पुढे आपोआप विझली, त्यामुळे देवसुद्धा नियमाच्याच बाजूने असतो असा त्यांचा पक्का समज झाला. देव असले समज लगेच मोडत नाही. त्याला घाई नसते.

घरात साहेबांची बायको होती. तिला सगळी गल्ली शिवणमावशी म्हणे, तेव्हा आपणही तेच म्हणू. मुलगा फिरतीच्या नोकरीवर, महिन्यातले चार दिवस घरी. सून मात्र कायम घरात, आणि तिची जीभही.

शिवणमावशींचं राज्य होतं जिन्याखाली. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक अरुंद पॅसेज होता. त्याच्या एका भिंतीला धरून जिना वर चढे. बाहेरच्या खोलीपाशी तो जमिनीला टेकलेला, तिथे चपला. स्वयंपाकघराकडे मात्र चांगला छातीभर उंच. त्या उंच टोकाखाली मावशींचं शिलाई मशीन होतं. मागच्या दारातून नेमका मशीनच्या सुईवर उजेड पडे. सत्तावीस वर्षं मावशी तिथे बसल्या. तिथून गॅसवरचं दूध दिसे, दारात कोण आलं ते दिसे, आणि गिऱ्हाईक बाई माप द्यायला आली की पहिल्या पायरीवर टेकून चार गोष्टी बोले. मुलाचे अभ्यासही त्याच पायरीवर झाले. मशीनच्या आवाजात पाठांतर चांगलं होतं असं मावशी म्हणत. मुलगा पास होत गेला, त्यामुळे या शास्त्राला कोणी आव्हान दिलं नाही.

सकाळी अंघोळ करून देवाचं नाव घेतलं की त्या मशीनपाशी येत, पायडलवर पाय ठेवण्याआधी त्यालाही हात लावून नमस्कार करत, आणि मग जगाला शिवायला घेत. या बाईने आयुष्यात देवाकडे फारसं मागितलं नव्हतं. जे मागावं ते साहेबांमार्फत जाईल, अशी भीती असावी.

निवृत्तीनंतरचे पहिले दोन महिने साहेबांनी स्वयंपाकघराला दिले. डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या. साखरेच्या डब्यावर 'साखर' असं लिहिलं, ते एक बरं झालं. पूर्वी घरातल्या बायकांना ती चाखून बघावी लागत असणार.

"आई, बाबांना काहीतरी छंद लावा," सून भांडी पुसता पुसता म्हणाली. "आज मला विचारत होते, महिन्याला किती काडेपेट्या संपतात."

"मग?"

"म्हटलं, आपल्याकडे लायटर आहे. तर म्हणाले, लायटर किती संपतात?"

तिसऱ्या महिन्यात साहेबांची नजर पॅसेजकडे वळली. हातात मापपट्टी, कानावर पेन्सिल. जिन्याखाली वाकले, उठले, परत वाकले.

"ही जागा वाया चाललीय," ते म्हणाले.

"मी बसलेय इथे," मावशी म्हणाल्या.

"तेच म्हणतोय."

मावशींनी दोऱ्याचं टोक दाताने तोडलं. बोलायला तोंड मोकळं हवं म्हणून नव्हे, बोलू नये म्हणून.

साहेबांची योजना अशी होती. जिन्याखाली एक ड्रॉवर करायचा. दोन नाही, चार नाही, एकच. आठ फूट लांब, जिन्याइतकाच तीन फूट खोल, उंचीला एका टोकाला गुडघ्याएवढा आणि दुसऱ्या टोकाला छातीएवढा, खाली लोखंडी चाकं. घरातलं सगळं अडगळीचं सामान त्यात. सुनेने भाबडेपणाचं सोंग आणून विचारलं, "बाबा, चार छोटे केले तर? एक माझा, एक आईंचा…"

"चार ड्रॉवर म्हणजे चार कुलपं. चार कुलपं म्हणजे चार किल्ल्या. आणि चार किल्ल्या म्हणजे जबाबदार कोण?"

"कोण?"

"कोणीच नाही. म्हणून एक कुलूप, एक किल्ली, एक माणूस."

तो एक माणूस कोण हे विचारायची गरज कोणाला वाटली नाही.

"आणि माझं मशीन?" मावशींनी विचारलं.

"मागच्या ओट्यावर. हवा आहे, उजेड आहे. तुझ्याच तब्येतीचा विचार केलाय."

मागच्या ओट्यावर धुणं वाळे, कबुतरं उतरत आणि दुपारी ऊन असं पडे की सुई दिसायची बंद होई. पण नवरा तब्येतीचा विचार करतोय म्हटल्यावर बायकोने काय बोलावं. त्यातच नाक्यावरच्या शाळेची ऑर्डर आली होती. स्नेहसंमेलनासाठी मुलांची बावीस जाकिटं, पुढच्या पुढच्या सोमवारपर्यंत. मुख्याध्यापकबाईंनी गोड शब्दांत सांगितलं होतं, "मावशी, तुमचं काम सुबक म्हणून तुम्हालाच दिलं. पण वेळेत नाही झालं, तर पुढल्या वर्षीपासून तयार कपड्यांच्या दुकानाला देऊ." त्या शाळेचं शिवण मावशी पंधरा वर्षं करत होत्या. बसायची जागा गेली आणि शाळाही गेली, तर गल्लीने त्यांना शिवणमावशी तरी का म्हणावं?

सुतार बोलावला तो साहेबांच्याच कारखान्यातला जुना माणूस. शांत, हाडकुळा, कमी बोलणारा. बारा वर्षांपूर्वी अर्धा किलो स्क्रूसाठी साहेबांनी त्याला तीन दिवस हेलपाटे घालायला लावले होते. पहिल्या दिवशी एक सही कमी, दुसऱ्या दिवशी तारीख चुकलेली, तिसऱ्या दिवशी साहेब रजेवर. साहेबांना ते आठवत नव्हतं. ज्याने घालायला लावले त्याला हेलपाटे आठवत नाहीत. ज्याने घातले त्याच्या पायांना मात्र आठवतात.

साहेबांनी त्याच्यापुढे नकाशा पसरला. प्रत्येक फळीचं माप, प्रत्येक चाकाची जागा, खाली सही, तारीख, आणि 'मंजूर' असा शेरा. मंजूर करणारे तेच, मागणारे तेच.

सुताराने नकाशा पाहिला. मग पॅसेज पाहिला. समोरची भिंत पाहिली. पाठ त्या भिंतीला लावून उभा राहिला आणि हात पुढे करून बघितलं.

"साहेब, एक सुचवू का?"

"सूचना लेखी द्यायची."

"लिहायचा मला कंटाळा."

"मग नकाशाप्रमाणे करा."

"नकाशाप्रमाणेच करतो," सुतार म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की मावशींना वाटलं, या माणसाला आत्ताच कुठेतरी देव भेटला.

मावशींनाही एक गोष्ट सांगायची होती. सत्तावीस वर्षं ती फरशी त्यांनी धुतली होती. पाणी ओतलं की ते जिन्याखालून निघून समोरच्या भिंतीकडे धावे, आणि तिथून कडेकडेने मोरीला लागे. बांधणाऱ्याने तसा उतारच दिला होता. चाकं लावलेली वस्तू अशा फरशीवर काय करेल हे समजायला कारखान्यात नोकरी लागत नाही.

"अहो, ही फरशी ना…"

"फरशीचा विषय वेगळा आहे. आत्ता ड्रॉवरचा चालू आहे."

मावशी स्वयंपाकघरात गेल्या. पालथ्या घड्यावर पाणी ओतून त्यांची मनगटं दुखून आली होती.

दुपारी चहा देताना त्यांनी सुताराला विचारलंच. "भाऊ, तुम्हाला काय सुचवायचं होतं?"

त्याने रंधा फिरवता फिरवता मान हलवली. "काही नाही वहिनी. नकाशावर सही आहे."

काम आठ दिवस चाललं, आणि काम उत्तम झालं हे मान्य केलं पाहिजे. सांध्यात नख जाणार नाही असे सांधे. तोंडाची फळी जिन्याच्या उताराला अशी बेतलेली की केस जाईल एवढीच फट. चाकं हातगाडीची, साहेबांनी स्वतः निवडलेली. "भरला तरी एका बोटाने हलला पाहिजे," त्यांचा हुकूम होता. पुढच्या बाजूला, बरोबर मध्यभागी, दोन हातांच्या अंतराने दोन पितळी मुठी. एवढ्या मोठ्या, की किल्ल्याच्या दरवाजाला शोभाव्यात.

सुतार काम करत होता तेव्हा साहेब सामान मोजत होते. घरातल्या प्रत्येक वस्तूची लांबी, रुंदी, उंची वहीत गेली. पांघरुणं, जुने पंखे, परातींची चळत, सुनेच्या लग्नातला न वाजणारा रेडिओ, इस्त्री, हातोडी, सुट्या टाइल्स. सगळ्याचा हिशेब करून ड्रॉवरमध्ये किती जागा लागेल हे त्यांनी बोटभराचाही फरक न ठेवता काढलं. मोजला नाही तो फक्त पॅसेज. पॅसेज म्हणजे काही माल नव्हे. कारखान्यातल्या गोदामात कपाटांच्या रांगांमधून दोन हातगाड्या शेजारी शेजारी जात. कपाटापुढे माणसाला उभं राहायला जागा लागते, ती कोणीतरी आधी सोडून ठेवलेली असते, हे साहेबांना एकतीस वर्षांत कधी दिसलंच नाही. जागा होती म्हणून दिसली नाही.

बुधवार, गुरुवार सामान भरण्यात गेले. ड्रॉवर जिन्याखालीच ठेवून तोंडाची फळी काढली, सामान रचलं आणि सुताराने फळी परत ठोकली. साहेबांनी वर्गवारी केली होती. रोज लागणारं पुढे, कधीमधी लागणारं मध्ये, क्वचित लागणारं मागे. मावशी दुपारी ओट्यावरून आत आल्या तर जाकिटांचं उरलेलं कापड, अस्तर, बटणं, कात्री, सगळंच नाहीसं.

"माझं कापड कुठाय?"

"तिसऱ्या वर्गात."

"मला रोज लागतं ते."

"शाळेचं संमेलन वर्षातून एकदा. वर्षातून एकदा म्हणजे क्वचित." साहेबांनी खिशातून कागदांचा छोटा गठ्ठा काढला. स्वतः रेघा आखलेली मागणीपत्रं. "ड्रॉवर सकाळी दहा ते अकरा आणि संध्याकाळी चार ते पाच उघडेल. आदल्या दिवशी हे भरून द्यायचं."

सुनेने एक पत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "बाबा, यात 'कारण' असा रकाना आहे."

"हो. कशाला हवंय ते लिहायचं."

"पांघरूण कशाला हवं असतं?"

"ते अर्जदाराने लिहायचं."

मावशींची बावीसपैकी नऊ जाकिटं झाली होती. तेरा राहिली होती, तीन दिवस हातात होते आणि कात्री कुलपात होती. त्यांनी निमूटपणे मागणीपत्र भरलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'पोटापाण्यासाठी'. खरं तर त्यांना 'जीव जातोय म्हणून' लिहायचं होतं. पण तसं लिहिलं असतं तर साहेबांनी दुसरी सही मागितली असती.

शुक्रवारी सकाळी बरोबर दहा वाजता ड्रॉवर पहिल्यांदा उघडायचा ठरला. सून बाहेरच्या खोलीच्या बाजूला मोबाइल घेऊन उभी राहिली, नवऱ्याला चित्रफीत पाठवायची म्हणून. मावशी स्वयंपाकघराच्या बाजूला. साहेब इस्त्रीचा शर्ट घालून ड्रॉवर आणि भिंत यांच्यामध्ये. त्यांनी कुलूप काढलं, दोन हातांनी दोन मुठी धरल्या आणि हळूच ओढल्या.

ड्रॉवर एका बोटाने हलला. सुताराचं काम होतं ते.

हलला आणि निघाला. पाच माणसांच्या वजनाचं सामान, हातगाडीची चाकं आणि सत्तावीस वर्षं पाण्याने पाठ केलेला उतार. साहेब एक पाऊल मागे गेले. दुसरं पाऊल मागे टाकायला भिंत आडवी आली. ड्रॉवर त्यांच्या पोटापाशी येऊन अगदी हलके, जुना मित्र टेकावा तसा टेकला आणि थांबला. इजा म्हणाल तर काही नाही. पण मागे भिंत, पुढे फळी, डावीकडे पितळी मूठ, उजवीकडे पितळी मूठ. साहेबांची नोंद होऊन ते जागेवर लागले होते.

सुनेने मोबाइल खाली केला. बंद मात्र केला नाही.

"ढकला," साहेब म्हणाले.

दोघींनी दोन बाजूंनी हात घालून पाहिले. जोर लावायला उभं राहावं तिथे साहेब होते. आणि चढावर ते धूड ढकलणं म्हणजे डोंगराला 'जरा सरका' म्हणण्यासारखं.

"सुतारमामांना बोलावते," सून म्हणाली, आणि बाहेरच्या दाराने गेली. तेवढंच तिला शक्य होतं. स्वयंपाकघरात यायचा रस्ता सासऱ्यांनी भरून काढला होता.

मावशी एकट्याच उरल्या. त्यांनी स्टूल आणलं आणि बसल्या. नवऱ्याला अडचणीत सोडून जाऊ नये, हा धर्म. शिवाय घरात दुसरी बसायची जागा उरली नव्हती.

"श्वास लागतोय का?"

"नाही."

"पाणी देऊ?"

"दे. नको. नंतर पंचाईत होईल."

पोटावर ड्रॉवर घेऊन माणूस फार काळ साहेब राहू शकत नाही.

"तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"उताराचं? हो."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले. विषय वेगळा होता."

साहेबांनी समोरच्या फळीकडे पाहिलं. दुसरीकडे बघायची सोय नव्हती. "तिथे दिवसाला चाळीस माणसं यायची माझ्या जाळीपाशी," ते म्हणाले. "शिव्या घालायची, पण यायची. इथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत मला कोणी काही मागत नाही. मला वाटलं, सगळं एका जागी ठेवलं तर निदान किल्ली मागायला तरी याल."

इतकी वर्षं मावशींना वाटत होतं, हा माणूस वस्तू सोडत नाही. खरं तर त्याला माणसं सोडवत नव्हती, हे त्यांच्या आजच लक्षात आलं. वाईट वाटलं त्यांना. पण वाईट वाटलं म्हणून तेरा जाकिटं शिवून होत नाहीत, हेही त्यांच्या तितकंच लक्षात होतं.

सुतार आला. बाहेरच्या खोलीकडून डोकावला. घाई नाही, हसू नाही. खिशातून घडी घातलेला नकाशा काढला आणि मापपट्टीने एक एक आकडा ताडून पाहिला.

"बरोबर आहे की," तो म्हणाला. "सुताचाही फरक नाही."

"ते कळलं. मला बाहेर काढा."

"काढतो ना. सामान उपसलं की हलका होईल, मागे सारू. पण साहेब, परत उघडलात की परत हेच. ड्रॉवर कापायला लागेल."

"कापा."

"नकाशात बदल आहे. लेखी पाहिजे."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. बहुतेक त्या क्षणी त्यांना अर्धा किलो स्क्रू आठवले असावेत. कारण वाद न घालता ते म्हणाले, "कागद द्या."

सुनेने कागद दिला. साहेबांनी ड्रॉवरचीच फळी टेबलासारखी वापरून लिहिलं, 'खोली दीड फूट करावी.' सही केली.

"दुसरी सही?" सुतार म्हणाला.

"कोणाची?"

"जागा ज्यांच्या ताब्यात होती त्यांची. वहिनींची."

कागद फळीवरून सरकत स्वयंपाकघराच्या बाजूला आला. मावशींनी वाचला. पेन हातात धरलं आणि टेकवलंच नाही.

"अगं, कर ना सही."

"यात मशीनचं काही नाही."

"ते नंतर बघू."

"नंतरचा विषय वेगळा असतो," मावशी म्हणाल्या.

बाहेरच्या खोलीत सुनेला खोकला आला. बराच वेळ आला.

मावशींनी सावकाश, शिवणाच्या टाक्यासारख्या सरळ अक्षरात साहेबांच्या ओळीखाली दुसरी ओळ लिहिली. 'उंच टोकाकडचे चार फूट कापून मोकळे करावे. तिथे मशीन राहील. ती जागा पुन्हा कोणी मोजू नये.' आणि कागद परत नवऱ्याकडे सरकवला.

"हे काय?"

"बदल आहे. लेखी."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

मावशींनी पदर सारखा केला. "मग मी ओट्यावर जाते. कबुतरं वाट बघत असतील. तुम्हाला चार वाजता विचारायला येते, तेव्हा ड्रॉवर उघडायची वेळ असते ना."

साहेबांनी तिच्या ओळीपुढे छोटी सही केली. मग मावशींनी खाली आपली केली. सत्तावीस वर्षांच्या संसारात दोघांच्या सह्या एका कागदावर एकत्र आल्या त्या अशा.

सामान उपसायला पाऊण तास लागला. मावशी स्टुलावर उभ्या राहून उंच टोकाकडून एकेक वस्तू काढत होत्या, सून दुसरीकडून. पहिल्यांदा काय काढलं असेल ते सांगायला नको. कात्री, कापड, अस्तर, बटणं. नवरा त्यानंतर. क्रम चुकला असं कोणी म्हणेल. पण नवरा कुठे जाणार नव्हता, आणि सोमवार येणार होता.

ड्रॉवर मागे सरला, साहेब सुटले. शर्टाची इस्त्री पाठीमागून अजून शाबूत होती. ते तडक वरच्या खोलीत गेले आणि संध्याकाळपर्यंत खाली आले नाहीत. चहा मात्र वर मागवला. तोंडी.

सुताराने शनिवारी दुपारपर्यंत कापाकापी केली. खालच्या बाजूला आखूड, शहाण्या आकाराचा ड्रॉवर राहिला. उंच टोक मोकळं झालं. चाकं त्याने काढून ठेवली आणि जाताना मावशींना म्हणाला, "वहिनी, पुढच्या वेळी साहेबांना म्हणावं, सूचना तोंडी पण घेतात लोक." चहाचा कप त्याने स्वतः विसळून ठेवला. मावशींना तो देवमाणूस वाटला. बारा वर्षांनी का होईना, सगळं नियमात बसवून गेला.

मशीन जागेवर आलं. मावशींनी पायडलला हात लावून नमस्कार केला आणि शनिवारची दुपार, रविवारचा अख्खा दिवस त्या उठल्या त्या फक्त जेवायला. तेरा जाकिटं झाली. साहेब रविवारी दोनदा जिन्यावरून खाली आले आणि दोनदा वर गेले. तिसऱ्यांदा मधल्या पायरीवर टेकले.

"बटणांची काजं किती करायची राहिलीत?" त्यांनी विचारलं.

"चोपन्न."

"म्हणजे तू मोजतेस."

"तुम्हीच एकटे नाही मोजत घरात."

त्यांचा हात सवयीने खिशात गेला. किल्ली नव्हती हातात खेळवायला. आखूड ड्रॉवरला सुताराने कुलूप लावलंच नव्हतं, आणि ते लावायला कोणी सांगितलंही नव्हतं.

सोमवारी सकाळी मावशींनी बावीस जाकिटं घडी घालून दोन पिशव्यांत भरली. एरवी त्या स्वतः जात. शाळा चार मिनिटांवर होती. पण नवरा खिडकीपाशी उभा होता. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांकडे बघत होता, आणि त्यांतलं कोणी आत येत नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "एवढं शाळेत पोचवता? आणि मिळाली म्हणून लिहून आणा. माझ्याकडून राहतं ते."

साहेब बूट घालून गेले. चार मिनिटांच्या शाळेतून परत आले ते अडीच तासांनी. चेहरा असा, की सुनेने दारातच विचारलं, "बाबा, परत नोकरी लागली का?"

"त्यांच्या सामानाच्या खोलीत गेलो होतो मी पावती घ्यायला," साहेब म्हणाले, आणि खुर्चीच्या कडेवर बसले. "काय अवस्था. खडू नकाशांच्या पेटीत, नकाशे चेंडूंच्या पिशवीत, आणि चेंडू कोणाला माहीत नाहीत कुठे आहेत. शिक्षक येतात, हवं ते उचलतात, जातात. सही नाही, वही नाही. मी मुख्याध्यापकबाईंना म्हटलं, हे असं चालत नाही. त्या म्हणाल्या, काका, मग तुम्हीच बघा ना थोडे दिवस, आम्हाला कोणी भेटत नाही."

"मग?" मावशींनी विचारलं.

"पगार नाही."

"नसू दे."

"उद्यापासून दहा ते पाच जाणार आहे. जाळीचं दार बसवायला सांगितलंय. त्या म्हणाल्या, दाराची काय गरज? हसल्या. त्यांना अजून कल्पना नाही."

"नाही," मावशी म्हणाल्या. "त्यांना अजून कल्पना नाही."

साहेबांनी वहीतली कोरी पानं शोधली आणि पेन्सिलीला टोक करत बसले. सुनेने मावशींकडे पाहिलं, मावशींनी मशीनकडे. गोड बोलून काम तयार कपड्यांच्या दुकानाला द्यायची भाषा करणाऱ्या त्या बाईंना उद्या दहा वाजता एक खडू हवा असणार होता.

त्या संध्याकाळी मावशींनी देवापुढे दोनदा हात जोडले. एकदा आपल्यासाठी. एकदा मुख्याध्यापकबाईंसाठी, आणि दुसऱ्यांदा जरा जास्त वेळ.